अहवाल बरोबर, पाणी दुसरेच

१

माझ्या सहीच्या त्या अहवालातील एकही आकडा चुकलेला नव्हता. तरीही तो खोटा होता, हे मला मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, पेढा तोंडात असताना कळले.

पेढे आप्पासाहेबांनी आणले होते. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीला खेटून त्यांच्या बारा पत्र्याच्या खोल्या आहेत. पूर्वी त्या जागी ज्वारी उगवत असे, आता भाडेकरू उगवतात, असे ते स्वतःच हसत सांगतात. त्या भाडेकरूंपैकी नऊ जणांना दोन महिन्यांत कावीळ झाली होती. पिण्याचे पाणी दूषित आहे, अशी लेखी तक्रार त्यांनी केली, वर्गणी काढून पाण्याची बाटली माझ्या प्रयोगशाळेत आणून दिली, आणि मी अहवाल दिला: कोलिफॉर्म जंतू आढळले नाहीत, पाणी पिण्यास योग्य.

“मॅडम, तुमच्यामुळे माझी अब्रू वाचली,” आप्पासाहेब म्हणाले. “अहवाल लॅमिनेशन करून फाटकावर लावलाय. आणि बाराही खोल्यांना नोटीस दिलीय. खोटी तक्रार करणाऱ्यांनी पंधरा दिवसांत जागा सोडायची.”

“पंधरा दिवसांत कुठं जायचं, मालक?” दारातून आवाज आला.

बोलणारा कल्याण होता, तक्रारीवर पहिली सही करणारा आणि बाटली माझ्याकडे पोहोचवणारा. तो पाथर्डीकडचा, एका कारखान्यात मशीनवर काम करतो, सध्या आजारपणाच्या रजेवर आहे, पहिल्या क्रमांकाच्या खोलीत आई आणि बायकोसह राहतो.

“माझ्या बायकोला आठवा महिना लागलाय,” तो मला म्हणाला. “आजूबाजूला सगळीकडं बोभाटा झालाय, ह्या खोल्यांतल्या लोकांना कावीळ हाय म्हणून. दुसरा कुणी खोली द्यायला तयार न्हाई. आता तुमच्या कागदानं ही पण गेली.”

“कागद खोटं बोलत नसतो, कल्याणराव,” आप्पासाहेब म्हणाले. “घ्या, पेढा घ्या.”

“डॉक्टरनं तेलकट-तुपकट बंद केलंय.”

मी कल्याणच्या डोळ्यांकडे पाहिले. ते हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखे होते. पाणी स्वच्छ आणि पिणारा पिवळा, या दोन गोष्टी एकत्र असू शकतात. माणूस बाहेरही पाणी पितो. परंतु एकाच रांगेतील नऊ माणसे योगायोगाने पिवळी होत नाहीत, निदान माझ्या शिक्षणात तरी तसे सांगितलेले नव्हते.

मी अहवालाची प्रत काढली. जंतूंचा रकाना मी स्वतः तपासला होता. क्षारांचा रकाना माझ्या सहायकाने भरलेला होता आणि मी तो न वाचता सही केली होती. त्या दिवशी एकूण एक्केचाळीस अहवाल होते. हे कारण आहे, समर्थन नाही.

एकूण विद्राव्य क्षार: ५८.

नागापूरच्या बोअरच्या पाण्याने बादलीला आतून पांढरी पुटे चढतात, साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजायला दुप्पट वेळ लागतो. त्या पाण्यात क्षार हजाराच्या आसपास असतात. अठ्ठावन्न क्षारांचे पाणी त्या जमिनीतून निघणे अशक्य होते.

मी तपासलेले पाणी त्या खोल्यांचे नव्हतेच.

२

दुपारी मी क्षार मोजण्याचा पेनएवढा मीटर खिशात टाकून नागापूरला गेले. कल्याणने माझ्या स्कूटरवर मागे बसून वाट दाखवली.

खोल्यांची रचना एका दृष्टिक्षेपात समजण्याजोगी होती. पुढे आप्पासाहेबांचा बंगला. मागे बारा दारांची रांग. रांगेच्या टोकाला दोन संडास आणि त्यांच्या दाराशी एक उघडे प्लॅस्टिकचे पिंप. बोअरचे पाणी जमिनीखालच्या टाकीत पडते, तेथून मोटार ते वरच्या काळ्या टाकीत चढवते आणि तेथून ते नळांना येते. बारा खोल्यांना नळ दोन. भिंतींना ओल, खिडक्या प्रत्येकी एक, आणि तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी.

नळाखाली मीटर धरला. आकडा आला ११४०.

“बाटली कुणी भरली?” मी विचारले.

“मी आदल्या दिवशी तुमच्याकडून रिकामी आणली,” कल्याण म्हणाला. “सकाळी माझी फर्स्ट शिफ्ट हुती. म्हणून आईला सांगितलं, पाणी आल्यावर नळाची भरून ठेव. दुपारी घरी आलो, भरलेली बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली आन् तडक तुमच्याकडं.”

“मध्ये कुठे थांबलात? कंपनीत? चहाला?”

“चहा?” तो ओशाळून हसला. “लॅब बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून सिग्नलला पण थांबलो न्हाई. ते तेवढं कुठं लिहू नका.”

कल्याणची आई साळूबाई चुलीपाशी, म्हणजे गॅसच्या एकेरी शेगडीपाशी, बसली होती. साठीची, सडपातळ, आवाज मात्र रांगेच्या शेवटच्या खोलीपर्यंत पोहोचणारा. तिची सून धनश्री भिंतीला टेकून लसूण सोलत होती.

“मावशी, बाटली तुम्ही भरली?”

“भरली की.”

“नळाची?”

“बाई, आधी च्या घ्या. च्याशिवाय कसली चौकशी?” आणि तिने माझ्याकडे पाठ करून, आधीच पेटलेली शेगडी पुन्हा पेटवली.

“आईनं भरली, मग मोटरवाल्या गोरक्षानं बदलली असंल,” कल्याण म्हणाला. “मालकाचा मानूस हाय तो. बाटली आठ-नऊ तास इथं खिडकीत हुती.”

“त्याच्या नावानं बोलू नगंस!” साळूबाई एकदम म्हणाली. आवाज गरजेपेक्षा मोठा होता.

मालकाच्या माणसाची बाजू भाडेकरू म्हातारीने का घ्यावी, हे मला कळेना.

३

गोरक्ष बंगल्याच्या पायरीवर बसून मोटारीचा जुना पट्टा निरखीत होता. चाळिशीचा, भिडस्त माणूस. सकाळी सहाला मोटार लावणे, झाडलोट करणे, भाडे मागणे, ही त्याची कामे. तिसऱ्या कामात तो वाईट होता, असे सर्व खोल्यांनी मला प्रेमाने सांगितले.

“गोरक्ष, त्या दिवशी पाण्याची बाटली पाहिली होती का?”

“कसली बाटली? मी न्हाई बघितली. मी मोटर लावतो न् जातो.”

“खिडकीत होती म्हणे.”

“न्हाई बा. निळ्या झाकनाची बाटली मला काय करायची?”

मी झाकणाचा रंग सांगितलेला नव्हता. त्याच्याही ते लक्षात आले. तो पट्ट्याकडे अशा एकाग्रतेने पाहू लागला, की जणू त्यावर काही लिहिलेले होते.

एवढ्यात आप्पासाहेब बाहेर आले आणि मला आग्रहाने आत घेऊन गेले. बैठकीत थंडगार पाणी आले.

“आमचं फिल्टरचं,” ते म्हणाले. “प्या, बिनधास्त.”

मी पेल्यात मीटर बुडवला. आप्पासाहेबांच्या भुवया वर गेल्या.

“पाहुण्याघरी असं करतात का हो, मॅडम?”

“मला वाईट सवय आहे. दोनशे दहा. तुमच्या फिल्टरची जाळी बदलायला हवी.”

“म्हणजे मी बाटली बदलली असा संशय आहे तर!” ते रागावले नाहीत, उलट मांडीवर थाप मारून हसले. “अहो, माझ्या खोल्यांचं पाणी चांगलं आहे याची मला खात्री होती. बोअर तीनशे फूट आहे. कशाला बदलू?”

हे मला पटले, आणि केवळ त्यांच्या हसण्यामुळे नव्हे. त्यांच्या घरातले पाणी २१० होते, बाटलीतले ५८. ज्याला पाणी बदलायचे असते तो घरातले हाताशी असलेले पाणी भरतो. आप्पासाहेबांकडे बाटलीतले पाणी नव्हतेच.

मग ते आले कुठून? आणि गोरक्षाने जे पाहिले ते तो लपवत का होता?

मी परतले तेव्हा साळूबाईने चहा पुढे केला आणि चहाआधी, रीतीप्रमाणे, तांब्याभर पाणी.

मी तांब्यात मीटर बुडवला. आकडा स्थिर झाला: ६१.

४

“मावशी, हे पाणी कुठले?”

कोपऱ्यात, फडक्याखाली झाकलेला वीस लिटरचा जार होता. साळूबाई त्याच्या पुढ्यात सरकून बसली. जार लपण्याइतकी ती रुंद नव्हती.

“ते माझ्यासाठी हाय,” धनश्री हळूच म्हणाली. “मला पाचवा महिना लागला तवापासून आत्या विकतचा जार आणतात. आम्ही दोघं नळाचं पितो आणि तू हे पी, म्हणतात. आणि पाहुणा आला तर त्याला.”

“रांगेत आणखी कुणी जार घेतं?”

“कुनाला परवडतं, बाई?” साळूबाई म्हणाली.

कल्याणने माझ्या मीटरवरचा आकडा पाहिला. मग त्याने आईकडे पाहिले. “आई, तू बाटलीत जारचं पाणी भरलंस?”

“भरलं!” साळूबाईने पदर खोचला. “भरलं, मग? तू काय सांगून गेल्तास? पान्याची तपासनी हाय म्हनून. तपासनी म्हनल्यावर कुनी घान पानी धाडतं का? तू शाळंत हुतास तवा सायेब यायचा, तर मास्तर चार दिस आधी भिंती सारवून घ्यायचे. अंगनवाडीत तपासनी आली की पोरास्नी आंगूळ घालत्यात. तुझ्या कंपनीत सायेब आला की तुमी मशीन पुसून काढता, तूच सांगतोस. मी म्हनलं, आपल्या खोल्यांचं पानी नापास का व्हावं? बारा घरांची लाज हाय. चांगलं पानी भरलं, बाटली बी आधी धुऊन घेतली.”

मी बावीस वर्षे पाणी तपासते. नमुना कसा बिघडतो याची लांबलचक यादी मला पाठ आहे. सद्भावनेने बिघडलेला नमुना त्या यादीत नव्हता. तर्क तपासून पाहिला, तर त्यात खोट काढता येईना: तिने आयुष्यात पाहिलेली प्रत्येक तपासणी याच रीतीने पार पडली होती.

“अगं, आपल्याला नापासच व्हायचं हुतं!” कल्याण कपाळाला हात लावून म्हणाला.

“मग तसं सांगायचं! नापास व्हायला पानी दे म्हनला असतास तर दिलं असतं.” मग तिचा आवाज प्रथमच खाली आला. “कागद पास झाला तवा मला गोड वाटलं. सांजच्याला नोटीस आली, तवा कळलं मी काय केलं ते. दोन दिस जेवन गोड लागंना. सांगू कुनाला? बारा घरं माझ्यापायी रस्त्यावर येत्यात. ही पोर अवघडलेली.”

धनश्रीने लसणाचे ताट बाजूला ठेवून सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“गोरक्षला हे ठाऊक होते?” मी विचारले.

“व्हय. त्यानं बघितलं. मी नळाकडं न जाता घरातूनच बाटली भरून आनली, ते. पर लई भला मानूस. कुनाला बोलला न्हाई.”

भला असेल. परंतु साक्षीदार गप्प राहतो तो चांगुलपणापेक्षा बहुधा स्वतःच्या अडचणीमुळे. बाटली निर्दोष होती, तर ती पाहिल्याचे त्याने का नाकारावे?

“तो तेव्हा कुठे उभा होता, मावशी?”

“तिकडं, संडासापाशी. पिंपातनं डबा भरत हुता.”

“मोटार लावायच्या वेळेला?”

साळूबाईने डोळे बारीक केले. “आता तुमी म्हनता तवा... रोजच भरतो की.”

५

दुसऱ्या दिवशी वसाहतीची साप्ताहिक सुट्टी होती, म्हणून बाराही खोल्या घरी होत्या. मी निर्जंतुक बाटल्या घेऊन सकाळी मोटार लागण्याआधीच पोहोचले. आप्पासाहेबांना मीच बोलावले होते. ते ताजे इस्त्रीचे कपडे घालून, खुर्ची मागवून बसले.

प्रथम मी सर्वांसमोर माझा अहवाल लेखी मागे घेतला: नमुना या नळाचा नव्हता, सबब निष्कर्ष या पाण्यास लागू नाही. साळूबाईने सगळ्यांसमोर, कमरेवर हात ठेवून, का आणि कसे ते सांगितले. अकराव्या खोलीतून कुणीतरी म्हणाले, “काकू, आमच्या पोरीच्या परीक्षेला पण तुमीच बसा!” रांग हसली. साळूबाईसुद्धा हसली, डोळे पुसत.

“झालं तर,” आप्पासाहेब म्हणाले. “म्हणजे फसवणूक भाडेकरूंनीच केली. नोटीस कायम.”

“आधी मोटार लावू या,” मी म्हणाले. “गोरक्ष, रोज लावता तशीच लावा.”

गोरक्षाने मालकाकडे पाहिले, मग माझ्याकडे. “आज लाईट कमी हाय वाटतं.”

“लाईट आहे. पंखा फिरतोय.”

त्याने बटण दाबले. मोटार घुमली, वर चढणाऱ्या पाइपातून मात्र पाण्याऐवजी हवेचा सुस्कारा आला. त्याने बटण बंद केले आणि तो तेथेच उभा राहिला.

“रोज लावता तशी,” मी पुन्हा म्हणाले.

तो मान खाली घालून संडासाकडे गेला. दाराशी ठेवलेल्या पिंपात डबा बुडवला, मोटारीच्या डोक्यावरचा बोल्ट काढला आणि डबाभर पाणी आत ओतले. पुन्हा एक डबा. बटण दाबताच पाइप धडधडला आणि वरच्या काळ्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला.

तो डबा कोणत्या कामाचा, हे बारा खोल्यांतील प्रत्येकाला ठाऊक होते. तोच डबा रोज त्या पिंपात किती हातांनी बुडत असे, हेही. प्रथम एका बाईच्या तोंडून “आगं आई गं” निघाले आणि मग सगळी रांग एकदम बोलू लागली.

“मोटर हवा धरती,” गोरक्ष कळवळून म्हणाला. “खालच्या टाकीतला फूटव्हॉल्व्ह गेलाय. रातभर पानी हळूहळू उतरून जातं, मग वरनं घालावं लागतं. दीड वरीस झालं. मालकास्नी दोनदा सांगितलं. मालक म्हनले, चालतंय तवर चालू दे. पिंप जवळ हुतं. मला वाटलं पानी ते पानी. कावीळ सुरू झाली तवा मनात आलं, पर तवा सांगायची छाती झाली न्हाई. काकूची बाटली बघितली म्हनलं असतं, तर तिथं काय करीत हुतास, ते बी सांगावं लागलं असतं.”

“हा अंदाज आहे!” आप्पासाहेब उठून उभे राहिले. “मॅडम, तुम्ही विज्ञानाच्या ना? पुरावा द्या.”

त्यांची मागणी रास्त होती. मी चार बाटल्या काढल्या.

“बोअरच्या तोंडाशी एक, खालच्या टाकीत एक, पिंपात एक, आणि वरच्या टाकीच्या नळाला एक. भरणार मी, तुम्ही प्रत्येक बाटलीच्या चिठ्ठीवर सही करायची. दोष जमिनीत असेल तर चारही ठिकाणी दिसेल. दोष डब्यात असेल तर पहिल्या दोन स्वच्छ निघतील आणि शेवटच्या दोन निघणार नाहीत. माझे म्हणणे चुकले, तर तेही मी लिहून देईन.”

आप्पासाहेबांनी चारही चिठ्ठ्यांवर लफ्फेदार सही केली. साळूबाई हात मागे बांधून उभी होती. “म्या न्हाई बाई हात लावनार,” ती म्हणाली.

६

जंतू वाढायला जो वेळ लागतो तो लागतोच. शुक्रवारी आकडे आले.

बोअर: आढळले नाहीत. खालची टाकी: आढळले नाहीत. पिंप: मोजण्याच्या मर्यादेपलीकडे. वरची टाकी: शंभर मिलिलिटरला दोनशे चाळीस, आणि त्यात विष्ठेतून येणारे जंतूही.

मी कागद घेऊन नागापूरला गेले. पहिल्या खोलीसमोर टेम्पो उभा होता. पंधरा दिवस संपण्याची वाट पाहण्यापेक्षा बाळंतपणाला पाथर्डीला जावे, नंतरचे नंतर बघू, असे कल्याणच्या घरात ठरले होते. भांड्यांचे गाठोडे, पत्र्याची पेटी आणि गादी वर चढली होती.

आप्पासाहेबांनी अहवाल उभ्यानेच वाचला. नंतर तो दुसऱ्यांदा वाचला. हसणारा माणूस हसायचा थांबला की त्याचे वय दिसते.

“म्हणजे कावीळ माझ्या टाकीमुळे?”

“कावीळ विषाणूने होते आणि माझी प्रयोगशाळा विषाणू शोधत नाही,” मी म्हणाले. “मी इतकेच लिहिले आहे, की संडासाच्या पिंपातील घाण तुमच्या टाकीत जाते आणि लोक ती पितात. त्या वाटेने विषाणू येत नाही, असे मला कोणत्याही कागदावर लिहिता येणार नाही.”

“आणि नोटीस?” कल्याण म्हणाला. वर्गणीतल्या उरलेल्या पैशांतून त्याने एका वकिलाला विचारून ठेवले होते. “वकीलसाहेब म्हणाले, खोली रिकामी करायला कोर्टाचा हुकूम लागतो, लॅमिनेशन न्हाई. आणि पिण्याचं पाणी नीट देणं मालकाचं काम हाय, उपकार न्हाई.”

आप्पासाहेब थोडा वेळ काळ्या टाकीकडे पाहत राहिले. मग टेम्पोकडे, त्यात गादीवर टेकून बसलेल्या धनश्रीकडे.

“ही पोर जाणार कशात? ह्या खडखड्यात? पाथर्डीच्या रस्त्यानं?” ते गरजले. “उतरवा तिला आधी! गोरक्ष, फूटव्हॉल्व्ह आण. आत्ता. टाकी धुवायला माणसं बोलाव. ते पिंप फेकून दे, संडासात नळ घे.”

“व्हॉल्व्ह कितीचा आणू, मालक?”

“जो बसंल तो आण की, शहाण्या!”

“आणि नोटीस?” हा प्रश्न आता साळूबाईने विचारला.

“मागं घेतली.”

“तोंडी नगं. कागदाचा मला आता धाक बसलाय. लिहून द्या. बारा.”

“बारा?”

“खोल्या बारा हाईत.”

आप्पासाहेब तेथेच, पत्र्याच्या पेटीवर कागद ठेवून, लिहू लागले. सातव्या कागदावर त्यांचा हात अवघडला. कल्याणने पेटी थोडी वर सरकवून दिली. टाकी धुवून तिचे पाणी पुन्हा तपासून येईपर्यंत सर्व खोल्यांना पिण्याचे पाणी मालकाने पुरवावे, हे मी प्रत्येक कागदाच्या तळाशी लिहवून घेतले. त्यांनी कुरकुर केली, पण लिहिले.

बारावी सही झाली तशी धनश्री टेम्पोतून हळूच उतरली आणि भांड्यांच्या गाठोड्याची गाठ सोडायला वाकली.

“तू वाकू नगंस!” साळूबाई ओरडली. ती आरोळी शेवटच्या खोलीपर्यंत ऐकू गेली, आणि पेटी, गादी, गाठोडे घ्यायला बाराही दारांतून माणसे बाहेर आली.